चौथा नग

तीन हा-गाऊ मोकबाईंनी कसेबसे संपवले, पण चौथा काही केल्या घशाखाली उतरेना. वाईट होता म्हणावं तर तसंही नाही. पारी पातळ, आतली कोळंबी ताजी, वाफ अजून निघत होती. ज्या चहाघराचं नाव काढलं की ग्वांगझूतली माणसं नुसती मान डोलावतात, तिथला होता तो. त्यासाठी बाई उजाडायच्या आत घरातून निघाल्या होत्या, मेट्रो बदलून नदीपलीकडे आल्या होत्या आणि दाराबाहेर प्लॅस्टिकच्या स्टुलावर नंबराचा कागद मुठीत धरून ताटकळल्या होत्या. पण बांबूच्या करंडीत नग येतात चार, आणि बाई होत्या एकट्या.

"आजी, उरलेला बांधून देऊ का?" करंड्या गोळा करणारीने विचारलं.

"एक नग काय बांधतेस? घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवू?"

ती बिचारी हसली आणि करंडी उचलून घेऊन गेली. बाईंनी आणखी एकदा मान वळवून सगळं दालन पाहून घेतलं. आजोबा होते, खंडीभर होते. पेपर वाचणारे होते, घोरणारे होते, नातवाला भरवणारे होते. त्यांना हवे होते ते नव्हते. एवढ्या लांब येऊन पुन्हा तेच, म्हणून त्या चडफडत उठल्या.

मोकबाईंचं सगळं आयुष्य लीवान भागातल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर गेलं. तरुणपणी थर्मासच्या कारखान्यात होत्या. तिथे तयार थर्मास हातात घेऊन त्यात खोट काढायची हे त्यांचं काम होतं, आणि निवृत्त झाल्यावरही ते त्यांनी सोडलं नाही. फरक एवढाच की आता थर्मासऐवजी माणसं, भाज्या, बसचे ड्रायव्हर आणि सून असं जे पुढ्यात येईल त्यात खोट काढायच्या. नवरा गेल्यावर घरात ऐकून घेणारं कोणी उरलं नाही. मुलगा कित-हिंग कामावर, सून पुई-सान कामावर, आणि घरी असले तरी दोघं फोनमध्ये. तेव्हापासून बाई रोज सकाळी चहाघरात जाऊ लागल्या.

चहाघर होतं फुक-लोई, घरापासून चालत जाण्यासारखं. तिथे वरच्या मजल्यावर खांबाआड एक गोल टेबल होतं. चहाघरात रिकामी खुर्ची दिसली की अनोळखी माणसासमोर बसायचं, त्यात कोणाला काही वाटत नाही. तशाच त्या एका सकाळी क्वान नावाच्या गृहस्थांसमोर जाऊन बसल्या. त्या कोंबडीचे पाय चघळत होत्या, आणि समोर ते पेपर वाचत हा-गाऊ खात होते. दोन खाऊन झाल्यावर त्यांनी करंडी हळूच पुढे सरकवली.

"ताई, हे दोन तुम्हाला चालतील का? मला चार जात नाहीत."

बाईंनी मोबदल्यात दोन पाय त्यांच्या ताटलीत टाकले. झालं. तिथून पुढे दहा-अकरा वर्षं हाच शिरस्ता. एक करंडी त्यांची, एक यांची, आणि दोन्हींतलं निम्मं निम्मं. चहाची किटली मात्र ज्याची त्याची आणि बिलही ज्याचं त्याचं, नाहीतर लोकांनी काय म्हटलं असतं? बाई विधवा, गृहस्थ विधुर. पूर्ण नाव विचारलं नाही, पत्ता विचारला नाही, फोनचा तर प्रश्नच नव्हता. रोज सकाळी जो माणूस समोर असतोच, त्याला फोन करायचा कशासाठी? बाई त्यांना क्वानदादा म्हणायच्या आणि ते यांना ताई.

दोघांचं जमायचं कारण सरळ होतं. बाई माणसांना नावं ठेवायच्या आणि क्वानदादा खाण्याला. तांदळाची सुरळी जराशी जाड लागली तर ते चॉपस्टिक्स खाली ठेवून द्यायचे. मुळ्याच्या वडीत पीठ जास्त झालं तर दिवसभर तेच बोलायचे. बाईंचं गाऱ्हाणं मात्र ते मन लावून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "तेही खरंच आहे म्हणा." हे एवढं ऐकायला मिळालं की बाईंचा दिवस बरा जायचा. घरात त्यांना असं कोणी म्हणत नसे.

मग यंदाच्या वसंतात छिंगमिंगच्या दिवसांत बाई नवऱ्याच्या गावी गेल्या. पूर्वजांची थडगी साफ करायची, गवत उपटायचं, फळं ठेवायची. दोन दिवसांत परतायचं ते दिराच्या आग्रहाने आठवडा झाला. परत आल्या त्या सकाळी पाहतात तर फुक-लोईचं शटर खाली आणि त्यावर कागद चिकटवलेला: आतलं काम चालू आहे, पुढील सूचनेपर्यंत बंद. खाली ना तारीख ना फोन नंबर. जिने झाडणारी बाई तेवढी भेटली. ती म्हणाली, वेटर सगळे आपापल्या गावी गेले, आणि गिऱ्हाइकं शेवटच्या दिवशी आपसात ठरवून कुठे कुठे पांगली ते तिला काय माहीत.

बाईंच्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं. शेवटच्या दिवशी क्वानदादांनी आपली वाट पाहिली असणार, कोणाजवळ तरी निरोप ठेवला असणार. आणि आपण नेमक्या तेव्हाच नवऱ्याच्या थडग्यावरचं गवत उपटत बसलो होतो. त्या माणसाने जिवंतपणी कधी वेळ साधली नाही आणि मेल्यावरही तेच. बाई रस्त्यातच त्याला दोन शिव्या हासडून मोकळ्या झाल्या.

दोन-चार दिवस त्यांनी सकाळी घरीच काढले. सुनेने ओट्सची पेज केली. ती खाताना बाईंना रडू आलं, पण चव हेच त्याचं कारण असं त्यांनी जाहीर केलं. खरं कारण घरात सांगणार कसं? सत्तरीला आलेल्या सासूने सुनेला सांगायचं का, की मला एका पुरुषाची आठवण येते? आणि ती आठवण तशी नाही, निराळीच आहे, हे तिला पटणार का? त्यापेक्षा बाईंनी खोटं सांगितलं.

"मी आता शहरातलं सगळ्यात चांगलं चहाघर शोधणार आहे," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर एकाच ठिकाणी खाल्लं. आता सगळीकडे जाऊन बघते."

त्यामागे हिशोब होता. क्वानदादा चोखंदळ माणूस, ते थोडेच भलत्यासलत्या ठिकाणी जाणार? जिथे हा-गाऊची पारी सगळ्यात पातळ, तिथेच ते असणार. म्हणजे उत्तम चहाघरं एकेक करून पालथी घातली की माणूस सापडलाच पाहिजे. बाईंना आपल्या डोक्याचं कौतुक वाटलं.

पण घरात नसतं संकट उभं राहिलं. मुलाला एकदम उत्साह आला. आईने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कशात तरी रस दाखवला होता. रविवारी त्याने फोनवर तारे मोजून मोजून एक हॉटेल काढलं आणि सगळ्यांना घेऊन गेला. पाचव्या मजल्यावर गालिचे, दोन टेबलांच्या मध्ये लाकडी पडदे, आणि मागवायचं ते फोनवर. तिथे कोणी कोणाच्या टेबलावर बसत नव्हतं. पडद्यापलीकडे कोण आहे ते दिसायचीही सोय नव्हती. बाई दर थोड्या वेळाने उठायच्या आणि एकेका पडद्याआड डोकावून यायच्या.

"आई, काय शोधताय?" पुई-सानने विचारलं.

"मोरी."

"त्या बाजूला आहे. आताच दाखवली ना तुम्हाला?"

"मग पुन्हा जाईन. माझं पोट आहे, तुझं नाही."

सासूचं आज काहीतरी बिनसलंय हे सुनेला कळलं, आणि तिने तसं नवऱ्याला खुणावलंही. बाईंनी ती खूण पाहिली आणि करंडीतल्या खिमा भरलेल्या शाओमायवर राग काढला.

त्यानंतर त्या एकट्याच जाऊ लागल्या. रोज अंधारात उठायचं, कारण नावाजलेल्या चहाघरांत उशीर केला की नंबर लागत नाही. कुठे एकट्या माणसाला जिन्याखाली बसवायचे, कुठे नऊ वाजेपर्यंत बसवायचेच नाहीत, कारण गोल टेबलावर आठजणांचं कुटुंब बसलं की धंदा जास्त. कुठे चहाच्या किटलीचं झाकण तिरपं करून ठेवलं तरी गरम पाणी ओतायला कोणी फिरकायचं नाही. पूर्वी झाकण उचललं की पाणी हजर व्हायचं. आता म्हणे बटण दाबा. आणि प्रत्येक ठिकाणी चार नग. चार हा-गाऊ, चार शाओमाय, नाहीतर काहीच नको. महिनाभरात बाईंचं वजन वाढलं आणि तोंडाची चव गेली.

एका ठिकाणी त्यांनी धीर करून तिथल्या जाडजूड व्यवस्थापकाला विचारलं, "इथे क्वान नावाचे एक गृहस्थ येतात का हो?"

"आजी, अर्ध्या लीवानचं आडनाव क्वान आहे. पूर्ण नाव सांगा."

"ते नाही माहीत."

"उंच आहेत का बुटके?"

बाई उत्तर द्यायला गेल्या आणि अडल्या. रोज त्या जायच्या तेव्हा क्वानदादा आधीच बसलेले असायचे, आणि त्या उठायच्या तेव्हाही बसलेलेच. इतक्या वर्षांत त्यांनी तो माणूस उभा पाहिलाच नव्हता. "बसलेले असतात," त्या म्हणाल्या.

व्यवस्थापकाने शेजारच्या वेटरकडे पाहिलं. "बसलेले क्वान आले होते का रे कोणी?" दोघं हसले. बाईंनी त्या दोघांच्या आईवडिलांचा, शिक्षणाचा आणि चहाचा उद्धार केला आणि चहा तसाच टाकून बाहेर पडल्या. आपण किती मूर्ख आहोत, हे त्यांना मेट्रोच्या डब्यात पुरतं कळून चुकलं. ज्या माणसाला आपल्या पोटातलं सगळं सांगितलं, त्याच्याबद्दल आपल्याला एवढंही सांगता येऊ नये? ही चीड कोणावर काढायची तेही समजेना.

असे दोन महिने गेले असतील. एका सकाळी त्या उत्तरेकडच्या एका नावाजलेल्या चहाघराशी पोचल्या, तर दारातच पोराने अडवलं. आज सगळं दालन लग्नाच्या मंडळींनी घेतलंय, उद्या या. उद्या! बाईंचे गुडघे ठणकत होते, पोटात कावळे ओरडत होते. त्याच पावली त्या परत फिरल्या. इतर दिवशी घरी यायला दुपार व्हायची, आज आठच्या सुमाराला आपल्या गल्लीत शिरल्या.

त्यांच्या इमारतीखाली लानबाईचं पेजेचं दुकान होतं. इतक्या वर्षांत मोकबाईंनी तिथे पाय ठेवला नव्हता. लानबाईची पेज म्हणजे त्यांच्या बोलण्यातला हातखंडा विषय. भांडी विसळलेलं पाणी बरं, असं त्या म्हणायच्या, आणि खरं सांगायचं तर फार खोटं नव्हतं ते. पण त्या दिवशी तीन मजले चढायचं त्राण नव्हतं. आज असंच होणार, आज आणखी वाईटच काहीतरी खायचं, अशा रागाने त्या आत जाऊन बाकावर बसल्या.

"कोण, मोकबाई?" लानबाईने डाव हवेत धरला. "पाहा गं बाई, आज सूर्य कुठून उगवला? तुमच्या हॉटेलांना आग लागली की काय?"

"तोंड आवर आणि एक वाडगा आण."

पातेल्याशी एक उंच, वाकलेला म्हातारा पाठमोरा उभा होता. लानबाईला तो म्हणत होता, "वहिनी, आलं जरा जास्त घाला. त्याशिवाय ही जाणार नाही."

आवाज ऐकला मात्र, मोकबाईंच्या हातातला चमचा टेबलावर पडला.

"क्वानदादा?"

तो माणूस वळला. हातात वाडगा, काखेत पेपर. बाईंकडे पाहत तो उभाच राहिला, आणि मग अकरा वर्षांत कधी चढला नव्हता असा त्याचा आवाज चढला.

"ताई! कुठे होतात तुम्ही?"

"मी? मी कुठे होते?" बाई ताडकन उठल्या. "अख्खं शहर पालथं घातलं मी! नदीच्या अलीकडे, नदीच्या पलीकडे, एक चांगलं चहाघर ठेवलं नाही. तुम्ही कुठे मेला होतात?"

"इथे."

"इथे म्हणजे?"

"याच बाकावर. रोज सकाळी."

"इथे? ही पेज कुत्रं हुंगत नाही!"

"ओ बाई," लानबाई म्हणाली, "माझ्याच दुकानात बसून बोलताय, एवढं लक्षात ठेवा."

क्वानदादा समोर येऊन बसले. बसल्यावर ते पुन्हा पूर्वीसारखे दिसू लागले. "तुम्हीच म्हणायचात ना," ते म्हणाले, "की तुमच्या घराखाली लीवानमधली सगळ्यात वाईट पेज मिळते? मला तुमच्याबद्दल तेवढंच ठाऊक होतं. आडनाव ठाऊक नाही, गल्ली ठाऊक नाही, इमारत ठाऊक नाही. मग काय करणार? लोकांना विचारत सुटलो, बाबांनो, इकडे सगळ्यात वाईट पेज कुठे मिळते? लोक हसायचे. वेड लागलंय म्हणायचे. पण पत्ते देत होते. जिथे म्हणून सांगितलं तिथे गेलो, ताई. काय काय खाल्लंय ते विचारू नका. एका दुकानात तर पेजेत काडेपेटीची काडी निघाली, तरी मनात म्हटलं, नाही, ताई याहून वाईट सांगत होत्या. मग इथे आलो. एक घोट घेतला आणि म्हटलं, हेच."

"अगं आई गं," लानबाई म्हणाली. "आणि मी सगळ्यांना सांगत सुटले, की एक म्हातारा लांबून माझी पेज खायला येतो!"

"पण मी तर रोज याच दारावरून जाते," मोकबाई म्हणाल्या.

"मी आलो की लानवहिनींना विचारायचो, वर कोणी पेजेला नावं ठेवणाऱ्या बाई राहतात का? त्या म्हणायच्या, सगळेच ठेवतात. मग सात ते नऊ बसून राहायचो."

सात ते नऊ. बाई अंधारात निघायच्या आणि दुपारी परतायच्या. त्या नदीपलीकडे स्टुलावर नंबर धरून बसल्या होत्या तेव्हा हा जिभेचे लाड करणारा माणूस त्यांच्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली बसून ही पेज गिळत होता. घरीच बसल्या असत्या, एखाद्या दिवशी आळस केला असता, तरी पुरलं असतं. उत्तम चहाघरांच्या मागे लागून त्यांनी सगळ्या सकाळी घालवल्या होत्या. त्यांना इतका संताप आला की डोळ्यांतून पाणीच आलं, आणि ते त्यांनी बाहीने खसाखसा पुसलं.

"बरं," नाक ओढत त्या म्हणाल्या. "झालं ते झालं. उद्यापासून कुठे बसायचं ते आत्ताच ठरवा. इथे नाही."

क्वानदादा पेजेत चमचा फिरवत राहिले.

"उद्या नाही ताई. आज दुपारची गाडी आहे माझी. मुलगी खुनमिंगला असते. माझा दमा, तिकडची हवा चांगली. फुक-लोई बंद झालं तेव्हापासून मागे लागली होती. दोनदा तिकीट बदलायला लावलं मी तिला. आता चिडली ती."

"कायमचे?"

"कायमचा."

"आधी नाही सांगायचं?"

"कोणाला?"

लानबाईने मोकबाईंपुढे वाडगा ठेवला आणि न मागता क्वानदादांच्याही वाडग्यात आणखी पेज ओतली.

"खुनमिंग," मोकबाई म्हणाल्या. "तिकडे सकाळी उठून मिरचीच्या शेवया खातात. आणि ती हवा चांगली!"

"तेही खरंच आहे म्हणा."

बाईंनी मान खाली घातली आणि पेज खाऊ लागल्या. खरंच वाईट होती ती. दोघांनी वाडगे संपवले. क्वानदादांनी घड्याळाकडे पाहिलं, खिशातून पेन काढलं आणि पेपरची घडी टेबलावर ठेवली.

"ताई, तुमचा फोन नंबर सांगता?"

बाईंना स्वतःचा नंबर पाठ नव्हता. स्वतःला त्या कधी फोन करत नव्हत्या, आणि फोन वर उशाशी पडला होता. त्या उठल्या, दुकानाबाहेर गल्लीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि मान वर करून ओरडल्या.

"पुई-सान! ए पुई-सान!"

तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. तोंडात दातांचा ब्रश धरून सून बाहेर वाकली. "काय झालं आई? पडलात का?"

"माझा फोन नंबर काय आहे गं?"

"तुमचा? कोणाला द्यायचाय?"

शेजारच्या शिंप्याने मशीन थांबवलं. फळवालीने मान वर केली. समोरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणारी बाई तशीच हात वर धरून राहिली. मोकबाईंनी एकदा सगळ्यांकडे रागाने पाहिलं.

"माझ्या मित्राला!"

"कोणाला?"

"मित्राला, मित्राला! बहिरी झालीस का? आज दुपारी गाव सोडून चाललेत ते, लवकर सांग!"

पुई-सानने तोंडातला ब्रश काढला. क्षणभर ती खिडकीत नुसती उभी राहिली, सासूकडे आणि दुकानाच्या दारात पेन धरून उभ्या असलेल्या त्या उंच म्हाताऱ्याकडे पाहत. मग आत जाऊन तिने सासूचा फोन आणला, आणि एकेक आकडा सुटा करून, त्या म्हाताऱ्याला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगू लागली. क्वानदादा पेपरच्या कडेला लिहून घेत होते.

"परत सांग," मोकबाई ओरडल्या. "पहिल्यापासून सगळा परत सांग."